नाव ठेवायचं नाही

घनश्यामच्या घरात एक नियम होता. जे खायचं, त्याला नाव ठेवायचं नाही.

हा नियम त्याची बायको चंदाबाई माहेराहून घेऊन आली होती, पाणी भरायच्या पितळी गुंडाबरोबर. गुंड पुढे चेपला, नियम मात्र जशाचा तसा राहिला. "नाव ठेवलं का घास घशात अडकते," असं ती म्हणायची, आणि चंदाबाईने म्हटलेल्या गोष्टीवर त्या घरात चर्चा होत नसे.

पण अंगणात एवढे कोंबडे, मग कोणाला कोण म्हणायचं? तर ज्या कामासाठी राखला, त्यावरून ओळखायचं. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, नाटक लागतं, घरोघरी पाहुणे उतरतात. त्यासाठी राखलेला तो मंडईवाला. घनश्यामचा भाऊ चिमूरहून येणार असेल, तर त्याच्यासाठी वेगळा काढलेला तो चिमूरवाला. हे काही नाव नव्हे. पोत्यावर चिठ्ठी लावावी, तसं.

घनश्यामला स्वतःला याचं फारसं काही नव्हतं. तो तलावावर जाळं टाकणारा माणूस. मासोळीची ओळख पाण्याबाहेर आल्यावर होते आणि तिथेच संपते. कोंबड्यांचा कारभार सगळा त्याच्या मुलीचा, आचलचा. बारावीनंतर तिने गावरान कोंबड्या पाळायला घेतल्या आणि सिंदेवाहीच्या बाजारात तिचं नाव झालं. लोक नावं ठेवत ते वेगळंच. "पोरगी शिकली अन् कोंबड्या राखून राह्यली," असं म्हणत म्हणत तिच्याकडूनच अंडी नेत.

अशात मोबाइलचा टावर दुरुस्त करायला चंद्रपूरचा अमर गावात आला. टावर एकदाच बिघडला होता, पोरगा मात्र अंडी घ्यायला येतच राहिला. शेवटी त्याने आईला सांगितलं, आचलने चंदाबाईला सांगितलं, आणि चंदाबाईने एक लालबुंद तुऱ्याचा तरणा कोंबडा वेगळा काढला.

"हा जावई," ती म्हणाली. "अमर पहिल्यांदा घरी जेवाले येईन, तवा."

इथवर सगळं नियमानुसार होतं. पुढे घोटाळा केला तो घनश्यामने.

त्याचं असं होतं, की घनश्यामला अनोळखी माणसाशी बोलताच येत नसे. तलावाच्या पाळीवर दिवसभर बसेल, पण दुकानात जाऊन साखर मागताना दोनदा घसा खाकरेल. आता होणारा जावई शहरचा, इंग्रजी बोलणारा. त्याच्याशी बोलायचं तरी काय? पहिलं वाक्य कोणतं? या चिंतेत तो ओट्यावर जाळं सांधत बसला की तो लाल कोंबडा नेमका त्याच्या पायावर येऊन बसे. एके दिवशी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून घनश्याम हळूच म्हणाला, "या जावई. बसा."

कोंबडा बसलेलाच होता. त्याने मान तिरकी करून ऐकून घेतलं.

मग रोजचंच झालं. "कसं काय जावई, रस्ता बरा होता ना?" "जावई, भात घ्या थोडा." भाताचं शीत खरंच पुढे यायचं, त्यामुळे कोंबड्यालाही हा जावई शब्द चांगला कळू लागला. हाक मारली की कुठूनही पळत येई. आणि मोठ्या समजुतीने ऐके. मध्येच बोलत नसे, हसत नसे.

ज्या दिवशी पाहुणे यायचे होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी घनश्याम सहज बोलल्यासारखं बोलला, "मी काय म्हणतो, सिंदेवाहीहून बॉयलर आणू काय? नरम राह्यते."

चंदाबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो जाळ्यातला तुटलेला धागा शोधू लागला.

"जावयाले बॉयलर? लोकं तोंडात शेण घालतीन माह्या! ज्याच्या बापाचा पत्ता नाई, काय खाल्लं त्याचा पत्ता नाई, असा कोंबडा पहिल्या ताटात वाढू? झाडूले सांगून ठेवलं आहे मी. सकाळी येते तो."

झाडू म्हणजे चंदाबाईचा धाकटा भाऊ. गावात कोणाच्याही घरी सुरी धरायची तर झाडूच लागे. हात हलका होता, पण गळा फार मोठा.

सकाळी पाहुणे आले. अमर आणि त्याची आई, चंचलबाई. अमरचे वडील नव्हते, म्हणजे होकार-नकार जो काय तो या बाईंच्याच तोंडी. आचलने अमरला आधीच बजावून ठेवलं होतं, "कोंबड्या मी सोडणार नाई. तुह्या आईले पटलं तं पाहजो." अमरने घरी ते सांगितलं होतं, पण घाबरत, अर्धंच.

पोहे झाले, चहा आला. चंचलबाई अंगण बघत होत्या. चटपटीत, नीटनेटक्या बाई.

"एवढ्या कोंबड्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या विकाच्याच काय?"

"विकतो बी, खातो बी," आचल म्हणाली.

"घरीच कापता?"

"मंग कुठी कापाव?" चंदाबाईने विचारलं.

चंचलबाईंनी कप खाली ठेवला. "आमच्या घरी नाई बा चालत हे. खातो आम्ही बी, असं नाई. पण गफ्फारभाईच्या दुकानातून आणतो, पिशवीत बांधून. आपल्याच हातानं दाणे टाकाचे अन् मंग त्याच्याच मानेवर... मन कसं होते व तुमचं? निर्दयपणा वाटते मले तं."

"दुकानातला काय झाडाले लागते काय?" चंदाबाई म्हणाली.

आचलने आईचा पदर ओढला. अमरने चहाचा कप तोंडाला लावला. घनश्यामने तोंड उघडलं. इतके दिवस घोकलेलं एकही वाक्य आठवेना. आणि नेमका तेव्हाच लाल कोंबडा तुरा हलवत आला, आणि सगळ्यांच्या देखत घनश्यामच्या पायावर बसला.

"अग बाई!" चंचलबाईंचा चेहरा खुलला. "किती मायाळू आहे हो! काय नाव याचं?"

आता घनश्यामला खोटं बोलता येत असतं, तर त्याचं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं. तो घसा खाकरून म्हणाला, "जावई."

कोणी काही बोलायच्या आत सांदवाडीतून, म्हणजे घरामागच्या परसातून, झाडूचा आवाज आला. पाहुणे आल्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

"भाऊजी! जावयाले आणा मागं! सुरी पाजवली, पाणी उकळलं! लवकर करा, पंख उपटाले येळ लागते!"

अमरच्या तोंडातला चहा नाकातून बाहेर आला.

पुढे जे झालं, त्यात सगळेच एकदम बोलत होते. चंदाबाई नियम समजावत होती, आचल हसू दाबत माफी मागत होती, झाडू सुरी घेऊन दारात आला आणि पाहुणे दिसताच सुरी पाठीमागे लपवून "रामराम" म्हणाला. पण चंचलबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"माह्या एकुलत्या एक पोराच्या नावानं सुरी फिरवाची? आज? पहिल्याच दिवशी? अमर, चाल. हे नाई जमाचं."

अमर आचलकडे बघत होता. आचल आता हसत नव्हती.

आणि घनश्याम बोलला. आपण बोलतोय हे त्याला स्वतःला जरा उशिराच कळलं. तो कोंबड्याला काखेत धरून उभा होता.

"बाई, याले नाई कापत. कोणी म्हटलं तरी नाई कापत."

"अजी!" चंदाबाई म्हणाली.

"तू थांब व." हे वाक्य घनश्यामने उभ्या जन्मात म्हटलं नव्हतं. चंदाबाई खरंच थांबली. "चुकी माही आहे. हिनं याले नाव नोहतं ठेवलं. कामापुरती खूण होती. नाव मी ठेवलं. मले... मले लोकाइसंगं बोलता येत नाई. जावईबापू येतीन तं काय बोलाव, कुठून सुरू कराव, मले सुदरेच ना. म्हून मी याच्यासंगं बोलून पाह्यत होतो. या जावई, बसा जावई. रोजचं. बोलता बोलता हा जावईच झाला. आता याच्या मानेवर सुरी कशी ठेवू? बस, एवढंच."

एवढं बोलून त्याला घाम फुटला. मागे चुलीवरचं आधण वाजत होतं.

"माह्यासाठी?" अमर म्हणाला. "माह्यासंगं बोलाची प्रॅक्टिस कोंबड्यासंगं?"

घनश्यामने मान हलवली.

"मंग तो काय म्हणे?"

"रस्ता बरा होता म्हणे," घनश्याम म्हणाला.

आधी अमर हसला. मग आचल. झाडूला काय झालं ते कळलं नव्हतं, पण तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. चंचलबाईंनी बराच वेळ ओठ दाबून धरले. मग त्या पुन्हा खाली बसल्या.

"माह्या माहेरी होता एक कोंबडा, चिमूरकडं," त्या जराशाने म्हणाल्या. "मीच राजा नाव ठेवलं होतं. मामा आले तवा कापला, अन् मले सांगितलं उडून गेला. रश्शाची चव लागली होती चांगली. मंग समजलं. तवापासून दुकानातलंच आणतो. त्याचं तोंड नाई दिसत."

"म्हून तं नाव ठेवाचं नाई, बाई," चंदाबाई म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज बराच खाली होता. "तुमच्या मायनं सांगितलं नाई काय?"

"नाई न सांगितलं." चंचलबाईंनी हात पुढे केला आणि कोंबड्याच्या तुऱ्याला बोटानं शिवून पाहिलं. "आमच्या घरामागं जागा आहे पोरी, पडलीच आहे. कोंबड्या आण. पण कापाच्या दिवशी मी बहिणीकडं जाईन, हे आधीच सांगून ठेवतो. अन् शेजारच्यानं नावं ठेवली तं त्याचं मी पाहतो."

आचलने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"ते सगळं झालं," झाडू दारातून म्हणाला, "पण आधण उकळून आटाले आलं. आता कापाचं तरी कोणाले?"

खरंच की. जावई सुटला होता. मंडईवाल्याला हात लावला तर मंडईला पंचाईत. चंदाबाई आणि आचलने एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही झटकन मान खाली घातली.

"आहे एक कोंबडी," आचल पुटपुटली. "चांगली भरली आहे."

"मंग आण न!" चंचलबाई म्हणाल्या. "तिले तं नाव नाई ना ठेवलं कोणी?"

"नाव नाई..." चंदाबाई म्हणाली. "कामापुरती खूण आहे."

"काय खूण?"

घनश्याम छपराकडे बघू लागला. शेवटी झाडूच म्हणाला, कारण त्याला अशा गोष्टी पोटात ठेवता येत नसत.

"इहीनबाई."

खऱ्या विहीणबाईंनी झाडूकडे आणि चंदाबाईकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "माय व! मले बी राखली होती!" त्यांना दम लागला. "जाड आहे काय?"

"आहे थोडीशी," चंदाबाई म्हणाली.

"अन् दिवसभर कलकल करत असन."

"ते तं आहेच."

"मंग कापा तिले! पण मी इथीच समोर बसतो, मागं नाई येत. अन् रस्सा तिखट करजा."

दुपारी पंगत बसली. चंचलबाईंनी पहिला घास जरा थांबून घेतला, दुसरा नाही थांबल्या. तिसऱ्याला म्हणाल्या, गफ्फारभाईकडे अशी चव नाही, पण हे त्याला सांगू नका.

घनश्याम वाढायला उभा राहिला. आता वाक्य पाठ होतं. भाताचं पातेलं घेऊन तो अमरच्या ताटापुढे आला, घसा एकदाच खाकरला आणि स्पष्ट म्हणाला, "जावई, भात घ्या थोडा."

अमरने ताट पुढे केलं, पण त्याच्या आधी अंगणातून पंख फडफडवत, पंगत तुडवत कोणीतरी धावत आलं आणि घनश्यामच्या पायावर बसलं.