जावयाच्या इंजिनाची शिट्टी

"ज्या इंजिनाला शिट्टी नाही ते इंजिनच नव्हे, चाकं लावलेली किटली," असं जावयाने जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून जाहीर केलं. टेबलावर त्याने स्वतः बनवलेलं, खऱ्या वाफेवर चालणारं वीतभर इंजिन होतं, आणि त्याला शिट्टी नव्हती.

सासरे खरी इंजिनं चालवून निवृत्त झालेले. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाच्या एकाही गोष्टीला चांगलं म्हटलं नव्हतं. या शिट्टीने त्यांच्या तोंडून ते वदवून घ्यायचंच, असा त्याने चंग बांधला.

पहिली शिट्टी वाजली, तेव्हा बायकोने आतून विचारलं, "अहो, मच्छरदाणी लावू का?"

आखूड नळीचा आवाज बारीकच येणार, म्हणून त्याने आठवडाभर खपून लांब पितळी नळी बनवली आणि बॉयलरखाली दडवून बसवली. रविवारी सकाळी इंजिन टेबलावरच्या रुळांवरून ऐटीत निघालं. त्याने झडप उघडली. आवाज असा घुमला की सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. पण नळीने होती नव्हती ती सगळी वाफ गिळली, आणि इंजिन जागीच थांबलं.

"आवाज मोठा आणि चाल बंद," सासरे म्हणाले. "आमचे मोठे साहेब आठवले."

"पण बाबा, आवाज कसा वाटला?"

"आवाज खरा आहे हो."

जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासरे उठून जवळ आले, बॉयलरला बोट लावून पाहिलं आणि गालावरून हात फिरवत म्हणाले, "जावईबापू, आत गरम पाणी उरलं असेल तर वाटीत ओता. दाढी राहिलीय माझी."