ब वर्गाला न दाखवायचा फळा

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर किती खडू झिजले ते मोजायला बसलात, तर तुमची शाळा सुटेल! मी आहे एक जुना फळा. पण भिंतीत ठोकलेला, जन्मभर एकाच वर्गाकडे तोंड करून उभा राहिलेला नव्हे हं. मी गुंडाळायचा फळा. वर एक काठी, खाली एक काठी आणि मध्ये काळं जाड कापड. सोडला की फळा, गुंडाळला की वळकटी. शिक्षक होण्यासाठी शिकणारे लोक मला 'रोल-अप बोर्ड' म्हणतात आणि बसमध्ये माझी काठी हमखास कुणाच्या तरी पोटात जाते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गुंडाळलेला असलो की मला काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. उलगडलं की मात्र सगळं दिसतं. त्यामुळे माझी गोष्ट अर्धी कानांची आणि अर्धी डोळ्यांची आहे.

माझा जन्म मैसूरच्या मार्केटमागच्या एका गल्लीत झाला. तिथे दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा होता. त्याने मला खळीत भिजवलं, वाळवलं, काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि पॉलिश पेपरने इतकं घासलं की मला गुदगुल्या झाल्या. मला न्यायला आले मालोजीराव. तेव्हा ते बारीक मिशीचे बी.एड.चे विद्यार्थी होते. पहिल्याच पाठाला त्यांनी माझ्यावर कावेरी नदी काढली आणि घाबरून तिला समुद्राच्या उलट दिशेला वळवली! पोरं हसली, तेही हसले. तेव्हापासून आमची दोस्ती.

पुढे कृष्णराजनगरच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मला खांद्यावर वागवलं. भाताच्या कापणीच्या दिवसांत वर्गात पाचच मुलं यायची, तेव्हा ते मला बांधावरच्या झाडाला टांगायचे. काय दिवस होते! मग ते रिटायर झाले आणि मी कपाटावर गेलो. तिथे सुटकेस होती, तुटका पंखा होता आणि धूळ होती. सात वर्षं मी फक्त ऐकलं. कुकरच्या शिट्ट्या, कन्नड बातम्या आणि मालोजीरावांचं खोकणं. मला वाटलं, संपलं आता आपलं.

आणि एके दिवशी त्यांच्या सूनबाई, तुंगाबाई, स्टुलावर चढल्या.

"मामंजी, तुमचा तो जुना बोर्ड आहे का हो अजून?"

"आहे की. पण कशाला ग? आता तुमच्या कॉलेजात भिंतीवर सिनेमा दाखवतात म्हणे."

"मला मुलांच्या उंचीला टांगायचाय. भिंतीवरचा फळा त्यांच्या हाताला कुठे येतो?"

तुंगाबाई एकेचाळीस वर्षांच्या. शाळेत गणित शिकवतात. एम.एड. करायचं त्यांच्या मनात बाविसाव्या वर्षापासून होतं. राहून गेलं ते राहूनच गेलं. आता शाळेने दोन वर्षांची रजा दिली होती. पण एकदाच. अशी रजा परत मिळत नाही. त्या दोन वर्षांत पदवी झाली तर झाली, नाहीतर कायमची राहिली. मालोजीरावांनी स्वतः माझी धूळ झटकली, नव्या रंगाचा हात दिला आणि म्हणाले, "जा रे बाबा. आता हिला पास कर."

इतकी मोठी जबाबदारी माझ्यावर कुणी टाकली नव्हती!

एम.एड.ला एक प्रबंध लिहावा लागतो. तुंगाबाईंचा विषय होता अपूर्णांक. एका शाळेतल्या सहावीच्या दोन वर्गांत चोवीस-चोवीस मुलं होती. 'अ' वर्गाला माझ्या मदतीने नव्या पद्धतीने शिकवायचं: मुलांनी स्वतः पुढे यायचं, माझ्यावर चित्र काढायचं आणि ज्याला येतं त्याने शेजारच्याला समजवायचं. 'ब' वर्गाला नेहमीसारखं, बाई बोलणार आणि मुलं उतरवून घेणार. सुरुवातीला आणि वीस तासांनंतर दोन्ही वर्गांची एकच परीक्षा. 'अ' पुढे गेला, तर नवी पद्धत चांगली असं ठरणार. त्यांच्या गाइड होत्या सीतालक्ष्मी मॅडम. चष्म्यावरून बघायच्या आणि एकेक शब्द तोलून बोलायच्या. त्यांनी बजावलं होतं, "तुंगा, हा बोर्ड 'ब' वर्गाच्या नजरेला पडता कामा नये. पडला की प्रयोग संपला."

मित्रांनो, शाळेत सगळं कन्नडमध्ये चालायचं. मी मराठी घरातला असलो तरी मला कन्नड छान येतं, म्हणून तुम्हाला मराठीत सांगतो.

'अ' वर्गात तर धमालच! पावनी नावाची दोन वेण्यांची मुलगी होती. तिने पहिल्याच दिवशी माझ्यावर ओबट्टू काढला. ओबट्टू म्हणजे आपली पुरणपोळी. तिचे आधी चार तुकडे केले, मग आठ. इतक्या खडूने माझं पोट पांढरं झालं की मलाच भूक लागली. तास संपला की तुंगाबाई मला गुंडाळून वर्गाच्या कोपऱ्यात, नकाशांच्या मागे ठेवायच्या. रोज स्कूटरवरून कुठे नेणार?

एकदा मी असाच कोपऱ्यात उभा होतो, तेव्हा दारात एक बारीक आवाज ऐकू आला.

"मिस, तो काळा बोर्ड आमच्या वर्गात का नाही आणत?"

ती 'ब' वर्गातली शरण्या होती. तुंगाबाई म्हणाल्या, "आणीन हं, परीक्षा झाल्यावर आणीन."

"परीक्षा झाल्यावर कशाला, मिस? तेव्हा तर संपेल ना सगळं!"

तुंगाबाईंनी मला नकाशांच्या आणखी मागे सरकवलं.

आणि दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत कुणीतरी मला बगलेत मारलं. गडगड आवाज झाला, ऊन लागलं आणि मी उलगडलो. बघतो तर काय! मी हात धुवायच्या नळावर टांगलेलो, समोर 'ब' वर्गाची पोरं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात बसलेली, आणि पावनी कमरेवर हात ठेवून उभी.

"सायलेन्स! शरण्या, एकअष्टमांश मोठा की एकचतुर्थांश?"

"एकअष्टमांश, मिस. आठ मोठे ना चारापेक्षा!"

"अय्यो! आठ जणांत ओबट्टू वाटला तर तुला मोठा तुकडा मिळेल का ग? ये, तूच काढ इथे."

शरण्याने काढला. मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. चौदा दिवस हे चाललं. हे चुकीचं आहे हे मला माहीत होतं का? होतं. पण खरं सांगू? इतकी मजा मला तीस वर्षांत आली नव्हती!

मग परीक्षा झाली.

त्या रविवारी सकाळी तुंगाबाई जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून बसल्या होत्या. मी अजून शाळेतच होतो, हे सगळं मला नंतर मालोजीरावांनी सांगितलं. ते माझ्याशी बोलतात. कुणी बघत नसलं की. 'अ' वर्ग सरासरी वीसपैकी आठवरून सोळावर गेला होता. आणि 'ब' वर्ग? तोही आठवरून सोळावर! फरक शून्य. प्रबंध द्यायला दहा दिवस उरले होते.

तेवढ्यात त्यांच्याबरोबर एम.एड. करणारा हयग्रीव नोट्स परत द्यायला आला. वयाने लहान, स्वभावाने मोकळा, पेपर बघून लगेच म्हणाला, "अक्का, एवढंच ना? 'ब'च्या पोरांचे चार-चार मार्क कमी करा. मुगीतु! झालं काम! कोण बघायला येतंय?"

"पोरांनी मिळवलेले मार्क मी कमी करू?"

"त्यांना थोडंच कळणार आहे! अक्का, रजा संपतेय तुमची."

तो चहा पिऊन गेला. तुंगाबाई लाल पेन घेऊन अर्धा तास बसल्या. मालोजीराव वर्तमानपत्र वाचायचं नाटक करत होते. सुनेला काही सांगावं की नाही, त्यांना कळेना. शेवटी एवढंच म्हणाले, "आधी माझा बोर्ड घेऊन ये घरी. मग काय ते कर."

सोमवारी त्या मला न्यायला आल्या. पुसून ठेवावं म्हणून त्यांनी मला उलगडलं आणि त्यांचा हात थांबला. माझ्यावर ओबट्टू होते. खाली अक्षर पावनीचं होतं, पण नाव 'अ' वर्गातलं नव्हतं. 'शरण्या, ६ ब, बरोबर' असं लिहून पुढे मोठ्ठी बरोबरची खूण होती.

"पावनी!"

पावनी आली. एका नजरेत तिला सगळं कळलं आणि तिचे डोळे भरले.

"मिस, तुम्हीच म्हणालात ना, ज्याला येतं त्याने शेजारच्याला सांगायचं. 'ब' वर्ग आमच्या शेजारीच आहे, मिस."

तुंगाबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडणार! पण त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. बाजूला पावनी विचारत होती, "आमच्यामुळे तुमची परीक्षा बुडाली का, मिस?"

"माहीत नाही ग," त्या म्हणाल्या. खोटं नाही बोलल्या.

तशाच त्या मला घेऊन सीतालक्ष्मी मॅडमकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. लाल पेनाचंसुद्धा. मॅडमनी मला नीट वाचलं.

"तुमचा प्रयोग बिघडलाय, तुंगा."

"हो, मॅडम."

"मग बिघडला असंच लिहा. कसा बिघडला, कुणी बिघडवला, किती दिवस, सगळं लिहा. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना पटेल याची खात्री मी देत नाही. नाही पटलं तर नापास."

"आणि हा बोर्ड पुसू?"

"खबरदार! आहे तसा तोंडी परीक्षेला आणा."

नऊ दिवसांत तुंगाबाईंनी शेवटचं प्रकरण पहिल्यापासून लिहिलं. 'ब' वर्गातल्या एकेका मुलाशी बोलल्या. कोण किती दिवस नळापाशी बसलं, कुणाला काय कळलं, ते सगळं लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक सर आले होते. मला खिडकीच्या गजाला टांगलं होतं, त्यामुळे मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि तो अजिबात हसरा नव्हता. त्यांनी पानं उलटली.

"दोन्ही गटांत फरक नाही. मग या प्रबंधातून सिद्ध काय झालं?"

तुंगाबाईंचा पदर हातात चुरगळत होता. मला ओरडावंसं वाटलं, सांगा ना, सांगा! पण फळ्याला तोंड कुठे असतं?

"सिद्ध काही झालं नाही, सर," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस मुलांना अपूर्णांक आले."

सर उठले, माझ्याजवळ आले आणि शरण्याच्या ओबट्टूचे तुकडे बोटाने मोजू लागले. एक, दोन, तीन... आठ. मग मागे वळून म्हणाले, "यातला अर्धा भाग त्या शिकवणाऱ्या मुलीचा आहे. तिचं नाव पहिल्या पानावर आभारात घाला. बाकी माझी हरकत नाही."

पास! मित्रांनो, पास! पहिला वर्ग नाही मिळाला, 'बी' ग्रेड मिळाली. घरी मालोजीराव म्हणाले, "पुढच्या वेळी मुलांना आधी विचारून प्रयोग कर, ती हुशार आहेत तुझ्यापेक्षा." तुंगाबाई म्हणाल्या, "पुढची वेळ कसली, मामंजी! आता जेवा." पण त्यांचा आवाज इतका गोड होता की म्हाताऱ्याने दोन वाट्या पायस जास्त घेतलं.

मला त्यांनी परत कपाटावर नाही ठेवलं. मी आता त्या शाळेच्या व्हरांड्यात असतो, दोन वर्गांच्या मधल्या खुंटीवर. माझी खालची काठी सैल झालीय आणि एका कोपऱ्यात कापड फाटलंय. रोज कुणीतरी मला ओल्या फडक्याने पुसतं. तेवढं मात्र करू नका, माझा रंग जातो! कोरडं फडकं घ्या. बाकी हवं तेवढं लिहा, खोडा, चुका. खडूने मी झिजतो, पण जिवंत राहतो. मला भीती वाटते ती फक्त धुळीची. तुमच्याही घरी कपाटावर माझा एखादा भाऊ पडला असेल. त्याला आजच खाली काढा आणि तुम्हाला जे येतं ते शेजारच्याला शिकवायला लागा. परवानगी विचारायला थांबू नका; सुट्टी फार लहान असते.