आज्ञाधारक समुद्र

सकाळी आठलाच धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बर्फवाले बर्फ वितळत टाकून आले होते, जाळी शिवणाऱ्या बायका सुईदोऱ्यासकट आल्या होत्या. समुद्र ज्यांचं ऐकतो म्हणत, ते बाबा आज त्याला दम देणार होते, घरी कोण बसणार?

"सागरा," बाबांनी आवाज लावला, "आम्ही आलो आहोत. बस खाली."

आणि हातातली उंच काठी त्यांनी पाण्यात बुडवली. वारा सुटला होता, बारीक लाटा एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. बघता बघता काठीभोवतीच्या लाटा मावळल्या. पाणी गुळगुळीत झालं आणि तो पट्टा पसरत अंगणाएवढा झाला. वारा तसाच, पाणी मात्र गप. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"आम्ही डोळे वटारले की असा मुकाट बसतो," बाबा म्हणाले.

समुद्र म्हणजे काय मागच्या बाकावरचं पोर, की गुरुजी आले आणि हाताची घडी, तोंडावर बोट? पण हे विचारणार कोण? विचारू शकणारा एकच माणूस गर्दीत होता आणि तो मान खाली घालून उभा होता. त्याला सगळे तेलवाला म्हणत. धक्क्यामागच्या शेडमध्ये तो माशांची काळजं उकळून तेल काढायचा. ते बोटींच्या लाकडाला लावतात. दर आठवड्याला एक डबा बाबांकडेही जायचा. "अंगाला चोळायला," त्यांचा चेला सांगायचा. बाबांचं अंग आहे की जहाज, अशी शंका तेलवाल्याला पहिल्याच महिन्यात आली. मग एकदा त्यानं काठी जवळून पाहिली. पोकळ होती आणि टोकाला बारीक भोकं होती. वासाचं म्हणाल, तर सगळा धक्काच मासळीचा. तिथे मासळीच्या तेलाचा वास वेगळा कोणाला येणार?

कळलं, तरी तो बोलला नाही. का, ते ऐका.

तीन वर्षांपूर्वी तो बोटीच्या सुकाण्यावर असायचा. बंदराच्या तोंडाशी त्याची बोट उलटली आणि जाळी शिवणाऱ्या मावशींचा एकुलता एक मुलगा बुडाला. लोक त्याच्याकडे बघून थुंकायचे. तेव्हा बाबांनी निकाल दिला, "समुद्राला बळी हवा होता, त्यानं घेतला. याचा दोष नाही." समुद्र ज्याचं ऐकतो, त्याला समुद्राच्या मनातलं कळणारच, असं म्हणून सगळ्यांनी मानलं. मावशी पुन्हा बोलू लागल्या. घरात काही गोडधोड केलं की त्याच्या मुलांना पाठवू लागल्या. ते ताट घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण घ्यायचा.

आज मात्र गळ्याशी आलं होतं. पाऊस ओसरून खोल समुद्रातल्या मासेमारीचा हंगाम उघडला होता, मोठी मासळी लागत होती आणि नेमका बंदर कचेरीवर चार दिवस धोक्याचा लाल बावटा होता. लांब कुठेतरी वादळ होतं, त्याच्या उंच लाटा दुपारपर्यंत पोचणार होत्या. बसून बसून लोक वैतागले होते. बाबांनी प्रत्येक बोटीला शांतिजलाची एकेक बाटली दिली आणि खुशाल निघा म्हणाले. पहिली सुटणार होती तेलवाल्याच्या धाकट्या भावाची बोट.

तेलवाल्यानं भावाला बाजूला घेतलं. "बावटा दिसत नाही का तुला?"

"दादा, बाटली आहे ना. समुद्र चढला तर चार थेंब टाकायचे."

"आणि नाही उतरला तर?"

"हे तू म्हणतोस? बाबा नसते तर तुला या धक्क्यावर कोणी उभं केलं असतं?"

भाऊ दोर सोडायला वळला. बोटीवर सहा माणसं होती. एकाचा जीव पचवून तेलवाला तीन वर्षं जेवत होता, आता सहांचा कसा पचवणार? तो शेडमध्ये गेला आणि पळीभर तेल घेऊन आला.

"थांबा," तो म्हणाला. "मीही बसवून दाखवतो समुद्राला."

लोक हसले. धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला पाणी अजून थरथरत होतं. तिथे त्यानं पळी उलटी केली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग पाणी गुळगुळीत होत गेलं, बाबांच्या पट्ट्याहून मोठा पट्टा झाला. हसणं थांबलं.

"हे मासळीचं तेल आहे. पाण्यावर त्याची पातळ साय धरते. मग वाऱ्याची पकड सुटते, बारीक लाटा उठत नाहीत. काठी पोकळ आहे, बघा. बाटल्यांतही हेच आहे."

बर्फवाल्यानं बाबांच्या हातातून काठी ओढून उलटी केली. तेल त्याच्याच पायांवर ओघळलं.

"पण पाणी शांत तर झालं," भाऊ म्हणाला.

"वरच्या सुरकुत्या गेल्या. खालची लाट कुठे गेली? बोटींकडे बघ."

त्या गुळगुळीत पाण्यावर बांधलेल्या बोटी हातभर वर जात होत्या आणि खाली येत होत्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सकाळपासून हेच चाललं होतं.

बाबा खवळले. "कृतघ्न माणसा, तुझा दोष मी धुतला. मी खोटा, तर तो निकालही खोटा."

"खोटाच आहे," तेलवाला म्हणाला.

मावशी पुढे आल्या. "मग माझा मुलगा कसा गेला?"

"माझ्या चुकीनं, मावशी. आत शिरताना बाहेर थांबायचं, लाटा मोजायच्या, मोठी निघून गेली की यायचं. मला सगळ्यांच्या आधी धक्क्याला लागायचं होतं. तो म्हणत होता, थांबू या. मी ऐकलं नाही."

मावशी त्याच्या भावाकडे वळल्या.

"दोर बांध. याला उशिरा अक्कल आली, तुला वेळेवर येऊ दे."

दुपारी बंदराच्या तोंडावर घराएवढ्या लाटा फुटल्या. तोवर बाबांनी पोबारा केला होता. मावशी तेलवाल्याशी पुन्हा बोलल्या नाहीत आणि बोलाव्यात असं तोही म्हणत नाही.

दर हंगामाला तो नव्या खलाशांना हा प्रयोग दाखवतो. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका," तो सांगतो. "पळी घ्या, स्वतः ओता, स्वतः बघा, बावटा असेल तर घरी बसा. आणि हातून चूक झाली तर झाली म्हणा. तिचं खापर समुद्रावर फोडायला गेलात, की मडकं घेऊन एखादा बाबा दारात उभाच असतो."