सार्जंटचा श्वास

पांडुरंगरावांनी हात वर केला आणि माइक त्यांच्या डोक्यावरून मागच्या रांगेत गेला.

तिथे तो एका बाईंच्या हाती पडला. बाईंनी इडवाल प्रीसना सांगितलं, की तुमचा तो जहाजावरचा सिनेमा मी कितीदा पाहिला आणि दर वेळी रडले. जहाजावरच्या सिनेमात इडवाल प्रीस नव्हतेच. हे त्या अंगणात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातल्या एकाने बाईंचे हसून आभार मानले. दुसऱ्याने हात खाली घेतला, जरा चोळला आणि पुन्हा वर केला.

अदलिया भागातल्या एका कॅफेचं ते अंगण. हौशी नाटकं करणाऱ्या परदेशी मंडळींच्या क्लबाने खुर्च्या मांडल्या होत्या. प्रीस हे मूळचे वेल्सचे नट, बहारीनला आले होते ते भाचीकडे. ती इथल्या शाळेत शिकवते. पण बाहेरगावचा कलावंत नुसता नातेवाइकांकडे राहून परत गेला, तर क्लब कशाला काढायचा? तेव्हा त्यांना धरून आणून एका उंच स्टुलावर बसवलं होतं.

प्रीस यांची कारकीर्द मोठी आणि भूमिका लहान. सिनेमात ते बहुधा मध्यंतराच्या आत मरत. वकील, पाद्री, खलनायकाचा मुनीम, असं काहीबाही होत आणि मरत. टीव्हीवर मात्र एका डोंगरातल्या गावच्या पोलीस सार्जंटचं काम त्यांनी बरीच वर्षं केलं. ती मालिका हिंदीत येऊन भारतात दाखवली गेली. दुपारी, सगळं घर झोपलेलं असताना.

हिंदीतला सार्जंट म्हणजे पांडुरंगराव. अंधेरीतली एक बंद खोली, कानांवर हेडफोन, समोर पडदा. पाद्री, वकील, मुनीमही त्यांच्याच आवाजात बोलले. प्रीस मरत तेव्हा पांडुरंगरावही मरत. फक्त त्यांना खाली पडता येत नसे, कारण माइक उभा असे.

डबिंगवाल्याला समोरच्याचं तोंड जितकं बघावं लागतं, तितकं बायको नवऱ्याचं बघत नाही. पांडुरंगरावांच्या फार लवकर ध्यानात आलं, की सार्जंट खोटं बोलायच्या आधी टोपी सारखी करतो आणि नाकाने एक आखूड श्वास घेतो. खरं बोलताना घेत नाही. हे कुणा समीक्षकाने कधी लिहिलं नव्हतं. रेकॉर्डिस्ट म्हणायचा, ‘पांडोबा, तो श्वास सोड ना, कोणाला ऐकू जाणार आहे?’ पांडोबा तो न चुकता घेत. तालीम घरी, जेवणाच्या ताटावर चाले. लहानगा प्रवीण घास तोंडात तसाच ठेवून बघत बसायचा.

पत्नी गेल्यावर प्रवीणने त्यांना इकडे आणलं, त्याला आता वर्ष होत आलं होतं. प्रवीण मआमीरच्या एका कंपनीत, सून भक्ती सलमानियाला हॉस्पिटलमध्ये शिफ्टवर, नात मृणाली शाळेत. मृणालीला ते सार्जंटच्या आवाजात गोष्टी सांगत. ती मान हलवून ‘नाइस, आजोबा’ म्हणे आणि कानात यंत्र घाले. उरलेल्या दिवसात आवाज लागे तो लिफ्टमध्ये, ‘सेव्हन प्लीज’ म्हणण्यापुरता. ते दोन शब्द मात्र ते असे म्हणत, की एकदा एक सुदानी गृहस्थ दचकून भिंतीला टेकले होते.

प्रवीण रोज घरी आला की विचारी, “काय बाबा, रमलात ना?”

पांडुरंगराव चष्मा सारखा करत. “म्हणजे काय.”

प्रीस आलेत हे भक्तीने फोनवर पाहून सांगितलं, त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांना सही नको होती, फोटोही नको होता. त्या माणसाने एकदाच आपल्याकडे बघून म्हणावं, की हो, होतास तू. आपण होतो हे सांगू शकेल असा जगात आता तो एकच माणूस उरला होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं.

शेवटचा प्रश्न सूत्रसंचालकाने स्वतःकडे ठेवला होता. आता पुढे काय?

प्रीसच्या डोक्यावर टोपी नव्हती. त्यांनी गळ्यातला मफलर सारखा केला आणि नाकाने एक आखूड श्वास घेतला.

“एक सिनेमा येतोय. काम मोठं आहे. याहून जास्त आत्ता सांगता येणार नाही.”

टाळ्या पडल्या. पांडुरंगरावांचा हात आपोआप खाली आला.

फोटोसाठी रांग लागली. पांडुरंगरावांनी घरी एक लांब इंग्रजी वाक्य घोटून घेतलं होतं. पाळी आली तेव्हा त्यातलं काहीच जागेवर सापडेना.

“आय ॲम युअर हिंदी,” ते म्हणाले.

प्रीस यांनी जहाजवाल्या बाईंचे मानले तसेच त्यांचेही आभार मानले, हातात हात घेतला आणि विचारायचं म्हणून विचारलं, इथे कुटुंबाबरोबर असता का? सुखात आहात ना?

पांडुरंगरावांनी चष्मा सारखा केला. “व्हेरी हॅपी, सर. सन, डॉटर-इन-लॉ, एव्हरीथिंग इज देअर.”

हात सुटला नाही. प्रीस त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“पुन्हा म्हणा,” ते म्हणाले.

पांडुरंगराव पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांना स्वतःचं नाक ऐकू आलं. भर रस्त्यात चप्पल तुटावी तसे ते ओशाळले.

“हे कुठून घेतलंत?”

“तुमच्याकडून.”

मग त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बंद खोली, सार्जंट, झोपलेल्या दुपारी. मागे लोकांनी मोबाइल उगारलेले, क्लबातला एक इसम त्यांच्या कोपराला हलके हलके ढकलत होता. प्रीस यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. आवाज भरायचा राहिलेल्या दृश्यात राहतं तसं.

“आमच्या दिग्दर्शकालाही कधी दिसलं नाही ते,” प्रीस म्हणाले. “माझी बायको होती तोवर तिला दिसायचं.”

पांडुरंगराव थोडे जवळ सरकले. “आणि सर, तो सिनेमा?”

प्रीस यांनी मोबाइलकडे बघून हसू नीट केलं. ओठ फारसे न हलवता, श्वासबीस न घेता ते म्हणाले, “नाहीये.”

फोटो निघाला. इसमाने पुढच्याला बोलावलं. प्रीस यांनी दोन बोटं कपाळाला लावून सार्जंटचा सलाम ठोकला, आणि पांडुरंगरावांनी त्याच बेताने तो परत केला.

बाहेर प्रवीण गाडी घेऊन उभा होता. हल्ली तो मआमीरहून उन्हं असतानाच परतायचा. काम कमी असतं, एवढंच भक्तीला सांगितलेलं.

“काय बाबा, रमलात का आज?”

पांडुरंगरावांचा हात चष्म्याकडे निघाला. त्यांनी तो वाटेतून परत आणून मांडीवर ठेवला.

“भेटला. त्याने ओळखलं मला.”

“वा. आणि एरवी? इथे करमतंय ना?”

“एरवी नाही रे करमत,” पांडुरंगराव म्हणाले. बोलून झाल्यावर त्यांनाच नवल वाटलं, की हे वाक्य किती सोपं होतं.

सिग्नल लागला, सुटला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे प्रवीणने गाडी पुढे काढली.

“तुझं कसं चाललंय?” पांडुरंगरावांनी विचारलं. “कंपनीत वगैरे?”

आरसा सरळच होता. प्रवीणने हात वर करून तो सारखा केला, आणि नाकाने एक आखूड श्वास घेतला.

“एकदम मस्त, बाबा.”

पांडुरंगराव मुलाच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिले.

“प्रवीण,” ते म्हणाले, “गाडी जरा बाजूला घे.”