एका गोळीचे वाटे

मामाच्या साखरेने भाचीच्या नाकी नऊ आणले होते. ती खालच्या दवाखान्यात नर्स, आणि मामा वरच्या जंगलवस्तीतला मध काढणारा. या डोंगरांवर सगळ्यांच्या आधीपासून राहत आलेल्या माणसांतला. जन्मभर मधात हात आणि उतारवयात साखरेचा आजार! वस्तीने यावर पोट धरून हसून घेतलं होतं. पण उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना, तेव्हा हसू आटलं. दोराने कडा उतरताना सगळा भार त्याच अंगठ्यावर. तो गेला तर मामाला जमिनीवर राहावं लागणार, आणि जमिनीवरचं त्याला काही म्हणजे काही येत नव्हतं.

"महिन्याभरात साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "गोळ्या घेता ना?"

"एकही दिवस चुकवला नाही, शपथ!" मामा म्हणाला.

तो बाहेर पडताच बाई वैतागल्या. "तुमच्या लोकांना कितीही सांगा, या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडतात."

ते 'तुमच्या लोकांना' भाचीला चांगलंच झोंबलं. मामा इरसाल होता, पण खोटी शपथ घेणारा नव्हता. ड्यूटी संपवून ती तडक वस्तीत गेली. घरात जेवणं उरकत होती. मामीने पाटावर गोळी ठेवली, सुरीने तिचे तुकडे केले आणि एक मामाला, एक त्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे थोरल्या मामांना दिला, एक स्वतः घेतला.

"अगं, हे काय चाललंय?" भाची ओरडलीच.

"वाटे करतेय," मामी म्हणाली. यात विचारण्यासारखं काय आहे, ते तिला कळेना.

वस्तीत घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचे वाटे पडतात, मग ते पोळं असो की रानातली फळं. चार माणसांसमोर एकट्याने तोंड चालवणाऱ्याला कुणी माणसांत धरत नाही. भाची स्वतः याच वाट्यांवर वाढली होती, आणि तरी हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने मुकाट्याने पिशवीतलं साखर मोजायचं मशीन काढलं. मामीची साखर अगदी बरोबर. थोरल्या मामांची मात्र मामाच्याही वर.

"दादाचे पाय जळतात," मामा म्हणाला. "त्याच्यासमोर मी एकटा औषध खाऊ? घशाखाली उतरेल का ते?"

"मग त्यांनी दवाखान्यात यावं. त्यांची त्यांना मिळेल."

थोरल्या मामांनी भिंतीकडे तोंड केलं. मागे छातीत कळा आल्या म्हणून ते गेले होते, तर दिवसभर दाराशी बसवून ठेवलं, वर कुणीतरी नाकाला रुमाल लावला. "मेलो तरी तिथे पाय ठेवणार नाही."

"मग माझा अंगठाही जाऊ दे," मामा शांतपणे म्हणाला. तो धमकी देत नव्हता, खरंच तसं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सगळं सांगितलं, रुमालासकट. "त्या दिवशी मी इथे नव्हते," बाई म्हणाल्या, "पण मीही नुसतीच वैतागले. गोळ्या कशा घेता, ते विचारलं नाही."

पुढच्या तपासणीला मामा लंगडत आला. मागे थोरले मामा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. दाराजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी जाहीर केलं, "याच्या अंगठ्यासाठी आलोय. माझ्यासाठी नाही."

बाई खुर्ची सोडून बाहेर आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. पाय पाहिले, छाती ऐकली, जे विचारायचं ते त्यांनाच विचारलं, भाचीला नाही. मग दोघा भावांच्या हातात एकेक गोळी पडली. मामाचा हात सवयीने ती मोडायला गेला.

"अख्खी गीळ, गाढवा," थोरले मामा म्हणाले आणि आधी स्वतःची गिळून मोकळे झाले.

महिन्याअखेरीस बाईंनी पट्टी सोडली. जखमेवर कोवळी कातडी धरली होती. "अंगठा वाचला," त्या म्हणाल्या. भाचीला रडूच फुटलं, आणि मामाही नाक ओढायला लागला.

"तुमचं झालं असेल तर सरका जरा," मागून थोरले मामा म्हणाले. त्यांनी स्टूल स्वतःच पुढे ओढलं होतं. "बाई, माझ्या पायांचं अजून नीट सांगून झालेलं नाही."