ताई आली की बंद पडतं

ताईने बेल दाबली आणि नेहमीसारखी दाराबाहेर ताटकळत उभी राहिली. आईला दार उघडायला वेळ लागायचा. गुडघे बोलतात हल्ली, असं ताईने गृहीत धरलं होतं. आतून चपला फरफटल्याचा आवाज आला. तो आधी दिवाणखान्याच्या कोपऱ्याकडे गेला, थांबला, आणि मग दाराशी आला. ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. ज्या दातांच्या दवाखान्यात ती नावं पुकारायला बसायची, तिथल्या डॉक्टरांची मनधरणी करून ती अर्धी सुट्टी घेऊन आली होती, आणि तीही कशासाठी, तर कॅमेऱ्यांना वायफाय सापडत नाही म्हणून. एकेकाळी लोक आईला भेटायला सुट्टी घ्यायचे.

कॅमेरे बाळ्याने बसवले होते. बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पोट सुटलं, केस पांढरे झाले, हाताखाली माणसं आली, तरी घरात तो बाळ्याच. राहायचा विमानाने यावं लागेल इतक्या लांब. "चोऱ्या वाढल्यात ताई, आई एकटी असते," असं म्हणून त्याने दारावर एक, दिवाणखान्यात एक आणि स्वयंपाकघरात एक असे डोळे लावून घेतले. त्याच्या थोडं आधी आईची सोन्याची साखळी हरवली होती. फोनवर बरीच कुजबुज झाली. मग साखळी पिठाच्या डब्यात सापडली. आईच ठेवून विसरली होती. सापडली, विषय संपला, असं ताईला वाटलं. भोळी होती, दुसरं काय.

पण कॅमेरे काही धड चालेनात. मधूनच बंद पडायचे, आपोआप सुरू व्हायचे. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तो असेपर्यंत सगळं ठणठणीत. शेवटी त्याने राउटर बदलून दिला आणि काखा वर केल्या. नव्या राउटरवर तर घरातले दोन्ही कॅमेरे कायमचेच आंधळे झाले, आणि बाळ्याने ताईला निर्वाणीचा फोन केला.

"ताई, हे चाललं नाही तर आईला तिथे एकटं ठेवता यायचं नाही. मी एका वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. रविवारी कळवायचंय त्यांना."

"अरे, तिच्या खिडकीतल्या कुंड्या हलवल्या तरी तिला झोप येत नाही. तिला हलवतोस?"

"मग तू ने तुझ्याकडे."

ताईच्या दोन खोल्यांपैकी एकीत तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. हे बाळ्याला माहीत होतं, म्हणूनच तो बोलला.

तर आज ताई कंबर कसून आली होती. राउटर बघते तो एकही दिवा नाही. भिंतीवरचं बटणच बंद.

"लाइट गेली होती का गं?"

"गेली असेल," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता, पण ताई तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होती आणि बाळ्याचा फोनही वाजायला लागला होता.

मग उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. "राउटरच्या सेटिंगमध्ये जा. तिथे नाही, डावीकडे. ताई, डावीकडे!" भांडत भांडत दुखणं सापडलं. नवा राउटर वेगवान आणि संथ असे दोन्ही सिग्नल एकाच नावाने सोडत होता, आणि कॅमेऱ्यांना समजायचा फक्त संथ. ताईने दोघांना वेगळी नावं दिली. मग स्टुलावर चढून, साडीची पिन कॅमेऱ्याच्या बारीक भोकात खुपसून, तो टूं करेपर्यंत धरून ठेवली. मोबाइलवरचा चौकोनी ठिपक्यांचा कोड कॅमेऱ्यासमोर नाचवला. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. बाळ्याने तिकडून सुस्कारा सोडला. लहानपणी ह्याच बाळ्याला बुटांची नाडी बांधायला शिकवताना ताईचे नाकी नऊ आले होते, पण तिने सुस्कारा सोडला नव्हता.

शेवटी दोन्ही कॅमेऱ्यांचे दिवे हिरवे झाले. ताईचा जीव भांड्यात पडला.

"ॲपमध्ये माझ्याच खात्यातून आत गेलीयस ना? आता घरात जरा फिरून बघ. मला मीटिंग आहे," म्हणून बाळ्याने फोन ठेवला.

ताई दिवाणखान्यातून चालत गेली. हातातला मोबाइल टुण्‌कन वाजला. "ताई घरात आली." खाली तिचा फोटो, तोंड उघडं, केस पिंजारलेले. ताईला हसूच फुटलं. स्वयंपाकघरात गेली. टुण्‌. "ताई स्वयंपाकघरात." कपाट उघडलं. टुण्‌. "ताई कपाटाजवळ."

"आई, बघ गं, किती हुशार आहे हे! आता तू चाल बरं."

आई जागची हलेना. ताईने हाताला धरून तिला उठवलं. आई दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेली, परत आली. मोबाइल गप्प. ताईने तिला पुन्हा चालायला लावलं. गप्प. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या काळजीपोटी बसवलेल्या कॅमेऱ्याला त्या बाईची काही पडलेली नव्हती. ती पडली असती तरी तो वाजला नसता. त्याला ओळख शिकवली होती ती एकाच चेहऱ्याची.

ताई मटकन खुर्चीत बसली. साखळी सापडली होती, तरी. पिठाच्या डब्यात सापडली होती, सगळ्यांदेखत, तरी.

आई उठली, चपला फरफटत कोपऱ्यात गेली आणि राउटरचं बटण बंद केलं. ते सफाईने केलं, रोजच्यासारखं. हिरवे दिवे विझले, मग ती बोलली.

"बसवताना बाळ्या त्या माणसाला सांगत होता, ताई आली की मला लगेच कळलं पाहिजे. मी आत होते, ऐकलं. तेव्हापासून तुझी बेल वाजली की मी आधी हे बंद करते, मग दार उघडते. तू गेलीस की लावते."

"आई! मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? तुझा भाऊ तुला चोर समजतो, असं? मला वाटलं, तू दिसलीच नाहीस तर तुला कोण काय बोलेल?" आईच्या आवाजात जराशी फुशारकी होती. पोरीसाठी आपण एवढं तरी केलं, ह्याची.

ताईने कपाळावर हात मारून घेतला. ती आली की बंद, ती गेली की सुरू. कंपनीचा माणूस असताना ठणठणीत. बाळ्याने आणि भावजयीने त्याचा काय अर्थ लावला असेल, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. आईने लेकीला झाकायला जे पांघरूण घातलं, तेच तिच्या गळ्याभोवती आवळलं गेलं होतं. आणि आईवर रागावता येईना, हे तर त्याहून वाईट.

फोन वाजला. बाळ्या मीटिंगमधून उठला होता.

"परत गेलं! आत्ता तर चालू होतं. ताई, तिथे नक्की चाललंय काय?"

ताईने आईकडे पाहिलं. आई कुंडीतली वाळकी पानं खुडत होती. खरं सांगितलं तर तो म्हणणार, आईचं डोकं ठिकाणावर नाही, वायरींशी खेळते, साखळ्या पिठात ठेवते. रविवारची वाट कशाला बघायची? ताईला पुढचं सगळं दिसलं.

"मीच बंद करत होते रे. त्या प्लगला मोबाइल लावायला. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"ताई, घरात एवढे प्लग आहेत."

"चुकलं माझं. आता नाही करणार. कॅमेरे व्यवस्थित चालतील, आईला कुठे हलवू नकोस."

बाळ्याचा आवाज एकदम मऊ झाला. ताईला वाटलं, ह्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"राहू दे. खोली नको म्हणून कळवतो. आणि ताई, कसलीही अडचण असली तर मला माग. असं करायची वेळ आणू नकोस स्वतःवर. मी हिला काही सांगणार नाही."

"बरं," ताई म्हणाली.

तिने कोपऱ्यात जाऊन बटण लावलं. दिवे एक एक करून हिरवे झाले.

"काय म्हणाला गं?" आईने विचारलं.

"कॅमेरे छान चालतायत म्हणाला. आई, आता ह्या बटणाला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

"अगं पण तू दिसशील की!"

"दिसू दे."

ती चहा टाकायला उठली. हातातला मोबाइल वाजला. ताई स्वयंपाकघरात.