डाव्या खांद्यामागची सावली

सभागृहाबाहेरची रांग रस्त्यापर्यंत आली होती. आत जाणारी माणसं गप्प असत आणि बाहेर येणारी डोळे पुसत, बंद पाकीट छातीशी धरून येत. पाकिटात ज्याचा त्याचा फोटो. त्यात डाव्या खांद्यामागे एक धूसर डाग आणि डागाला लागून एक वाकडी काठी. ते म्हणे आपलं गेलेलं माणूस!

"आमच्या सासूबाईच! तशाच वाकलेल्या!" एक शिवणकामवाली बाई ज्याला त्याला सांगत सुटली होती. दुसरा फोटो काढायला ती पुन्हा रांगेत उभी होती.

तिच्या पुढेच आईचा हात धरून थोरली लेक उभी होती. थोरली कॅमेरे दुरुस्त करायची. आईच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन उद्या सकाळी ठरलेलं, आणि आता दिवस घालवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण गेल्या आठवड्यात आई इथे फोटो काढून गेली. हे फोटो काढणाऱ्या छायागुरूंनी डागाकडे बघून निरोप सांगितला, "तुमचे यजमान म्हणतात, अंगाला सुरी लावून घेऊ नकोस." झालं! आई हटून बसली. ह्यांना पुन्हा विचारते, एवढंच कबूल करून ती आज आली होती.

थोरलीच्या मनात मात्र कधीची पाल चुकचुकत होती. दोन महिन्यांपूर्वी हाच छायागुरू कॅमेऱ्याचं बटण दुरुस्त करायला तिच्या दुकानात आला होता. आतली धूळ फुकट काढून देते म्हटल्यावर त्याने कॅमेरा हिसकावूनच घेतला. "आतलं काही पुसायचं नाही!" फुकटची साफसफाई नाकारणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

रांग सरकत तिघी आत पोचल्या. तिथे पांढरा पडदा, त्यापुढे जमिनीला ठोकलेली खुर्ची आणि समोर स्टँडवर घट्ट बसवलेला कॅमेरा.

"हलू नका, सावली लाजरी असते," गुरू घोळवून घोळवून सांगत होता. "आणि एका घरचा फोटो दुसऱ्या घरच्या फोटोशेजारी ठेवू नका. सावल्या भांडतात. मग सोडवायला मलाच यावं लागतं!"

शेजारी का ठेवायचे नाहीत? थोरलीने आईच्या पिशवीतलं पाकीट काढलं आणि शिवणकामवालीला म्हणाली, "काकू, तुमचा फोटो दाखवा जरा."

"नको गं बाई, भांडतील."

"भांडू देत. जिवंतपणी तरी कुठे भेट झाली होती त्यांची?"

बाईने बिचकत बिचकत फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी आले. तोच डाग, तीच काठी, काठीला तोच बाक.

"अगं बाई! माझ्या सासूबाई तुझ्या आईच्या मागे काय करतायत?"

पुन्हा आलेल्यांची आणि बाहेर निघालेल्यांची पाकिटं भराभर उघडली. सगळीकडे सासूबाईच.

"सावल्या कोपतील!" गुरू ओरडला.

"मग रिकाम्या खुर्चीचा फोटो काढा," थोरली म्हणाली. गुरू जागचा हलेना, तेव्हा शिवणकामवालीनेच पुढे होऊन बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर खुर्चीत कोणी नव्हतं, डाग मात्र हजर. थोरलीने कॅमेरा सोडवून उभा धरला आणि पुन्हा फोटो काढला. आता डाग खुर्चीच्या पायाशी.

"कॅमेरा फिरवला की सासूबाईही फिरतात," ती म्हणाली. "कारण त्या खुर्चीमागे नाहीतच, कॅमेऱ्यात आहेत. आत चित्र टिपणारा सेन्सर असतो. त्यावर धुळीचा कण बसला की प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो. ही काठी म्हणजे कापडाचा बारीक धागा. म्हणून खुर्ची ठोकलेली, म्हणून फोटो शेजारी ठेवायचे नाहीत."

तिने लेन्स काढली, कॅमेरा पालथा धरला आणि पर्समधल्या धूळ उडवायच्या रबरी फुग्याने आत चार-पाचदा हवा मारली. मग आईला खुर्चीत बसवून फोटो काढला. पडदा पांढरा स्वच्छ. गुरू कधी मागच्या दाराने सटकला, कोणाला कळलंही नाही.

आई त्या फोटोकडे बघत राहिली. "म्हणजे हे आलेच नव्हते?"

आठवडाभर आई त्या डागाशी बोलत होती.

"नाही आई. नव्हते आले."

आईने डोळे टिपले. लोक घोळका करून उभे होते. थोरली त्यांच्याकडे वळली. "आपल्या माणसाची आठवण येणारच, त्यात चूक काही नाही. पण कोणी त्यांचा निरोप सांगायला लागला, तर आधी पाकिटं उघडा, शेजारी ठेवा, प्रश्न विचारा. आणि जो विचारू नका म्हणतो, त्याच्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका."

आई सावकाश खुर्चीतून उठली.

"हे असते ना, तर मला ओढत दवाखान्यात नेलं असतं," ती म्हणाली. "उद्या किती वाजता पोचायचंय?"